मूल एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा: प्राथमिक शाळेचे सुरक्षा-नियम कसे बनवावेत

वर्गात टीचर समोर उभ्या असतात तेव्हा पहिली-दुसरीतलं मूल बहुतेक वेळा सुरक्षित असतं. काळजी करायची ती मधल्या मिनिटांची: व्हॅनमधून उतरून फाटकात शिरेपर्यंतची, एक तास संपून दुसऱ्या टीचर येईपर्यंतची, वर्गातून शौचालयात जाऊन परत येईपर्यंतची, शाळा सुटल्यावर आजोबांचं बोट धरेपर्यंतची. त्या मिनिटांत मूल एका मोठ्या माणसाच्या नजरेतून सुटलेलं असतं आणि दुसऱ्याच्या नजरेत अजून आलेलं नसतं. शाळेचे नियम मात्र आग, वाहतूक, आरोग्य, शिस्त असे विषयवार लिहिलेले असतात. फाइल जाड होते आणि नेमकी ती मिनिटं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

हा लेख इंदूरमधल्या प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापनासाठी आणि शिक्षकांसाठी आहे. तसाच रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथल्या ज्या आई-बाबांना आणि आजी-आजोबांना शाळेत जाऊन नेमकं काय विचारायचं ते कळायला हवं, त्यांच्यासाठीही आहे. मांडणी मुलाच्या दिवसाच्या क्रमाने केली आहे.

सुरुवात: एका मुलाच्या मागे दिवसभर चाला

नियम लिहायला बसण्याआधी एका शिक्षिकेने आणि एका पालकाने वही घेऊन पहिलीतल्या एका मुलाचा अख्खा दिवस बघावा. मूल जिथे जिथे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं, ती जागा आणि वेळ लिहायची. साध्या शाळेतही अशा दहा-पंधरा जागा सहज निघतात. प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी भरा: मूल कोण सोपवतं, कोण ताब्यात घेतं, ते माणूस रजेवर असेल तर कोण, आणि नोंद कुठे होते. नाव भरता आलं नाही तर तिथे नियम नाही असं समजा. ‘सर्व कर्मचारी लक्ष ठेवतील’ हे वाक्य नियमावलीतून सरळ काढून टाका. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणाचंच राहत नाही.

हा तक्ता एका पानावर मावला पाहिजे. तो हिंदीत आणि गरज असेल तिथे मराठीतही छापून फाटकाजवळ, स्टाफरूममध्ये आणि बसमध्ये लावा. चौकीदार, दीदी (शाळेतल्या मदतनीस बाई) आणि बसचालक यांना तो मोठ्याने वाचून दाखवा. लेखी नियमांवर नुसत्या सह्या घेतल्या जातात आणि ज्यांनी ते पाळायचे, त्यांनी ते वाचलेलेच नसतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. तक्ता याच समितीपुढे ठेवायचा. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती बंधनकारक नाही, पण तिथेही पालकांचा छोटा गट नेमायला कुणी अडवलेलं नाही.

बस, व्हॅन, मॅजिक, ऑटो

५ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या बायपासवर एक शाळेची बस दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली. चार मुलं आणि चालक गेले. हे शहर तो दिवस विसरलेलं नाही. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या वाहनांसाठी सविस्तर निर्देश दिले. १२ वर्षांपेक्षा जुनी बस नको, स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र), जीपीएस आणि सीसीटीव्ही हवेत, ऑटोत चालकासह चारच जण, आणि शाळेने वाहनांची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे द्यावी, असे त्यांतले मुख्य मुद्दे. सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच घातलेल्या अटीही लागू आहेत: बस पिवळी, पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहिलेलं, वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर, खिडक्यांना आडव्या जाळ्या, दाराला पक्कं कुलूप, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, शाळेचं नाव आणि फोन, सोबत एक मदतनीस. चालकाला किमान ५ वर्षांचा अनुभव हवा, आणि वेगाने किंवा दारू पिऊन चालवल्याचा एकही चलान त्याच्या नावावर नसावा.

कागद तपासणं सोपं असतं. खरी गडबड रोजच्या वापरात होते, म्हणून तीन सवयी लावा.

पहिली, मोजणी. मदतनीसाकडे मुलांची यादी असते. चढताना खूण, उतरताना खूण. गाडी रिकामी झाली की चालक किंवा मदतनीस शेवटच्या सीटपर्यंत चालत जातो, सीटखाली वाकून बघतो आणि शेवटच्या सीटच्या पाठीला अडकवलेला टॅग काढून ऑफिसात आणून देतो. टॅग आला नाही तर वाहन-प्रमुखांनी स्वतः गाडीपाशी जायचं. झोपलेलं मूल सीटखाली घसरलेलं असतं आणि पुढून ते दिसत नाही. बंद गाडीतलं तापमान उन्हात दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढू शकतं. एप्रिलच्या इंदुरात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी, उतरण्याची बाजू. मूल नेहमी डाव्या, फुटपाथच्या बाजूने उतरेल आणि गाडीच्या पुढून रस्ता ओलांडणार नाही. रस्ता ओलांडायचाच असेल तर मदतनीस खाली उतरून हात धरून नेईल, आणि दोघं पलीकडे पोचेपर्यंत चालक गाडी हलवणार नाही.

तिसरी खासगी ऑटो आणि मॅजिकची (मॅजिक म्हणजे छोटी चारचाकी प्रवासी गाडी). ‘ती गाडी पालकांनी लावली, शाळेचा संबंध नाही’ असं म्हणून शाळेने हात झटकू नयेत. गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि फोन, लायसन्स, परमिट, विमा, फिटनेस यांच्या प्रती घेऊन रजिस्टर करा. रजिस्टरमध्ये नसलेल्या गाडीत फाटकातून मूल द्यायचं नाही. पालकांनीही ऑटोत सात-आठ मुलं कोंबलेली दिसत असताना भाडं कमी पडतं म्हणून गप्प बसू नये.

हजेरी: सकाळची पहिली तीस मिनिटं

घरून निघालेलं पण शाळेत न पोचलेलं मूल दुपारी सापडत नाही म्हणून कळलं, तर सहा तास हातचे गेलेले असतात. म्हणून पहिल्या घंटेनंतर १५ मिनिटांत प्रत्येक वर्गाची गैरहजर मुलांची चिठ्ठी ऑफिसात यावी आणि आधी सुट्टी कळवलेली नसेल तर पुढच्या १५ मिनिटांत घरी फोन जावा. फोन उचलला नाही तर दुसरा नंबर, मग तिसरा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज हा फोन होत नाही, कारण आई कामावर असते आणि आजींकडे साधा मोबाइल असतो.

तास बदलताना पहिली ते तिसरीच्या वर्गात पुढच्या टीचर दारात दिसल्याशिवाय आधीच्या टीचरांनी निघू नये. दोघींचा तास लांब-लांबच्या वर्गांत असेल तर दोष वेळापत्रकाचा आहे. ते बदला.

शौचालय

इथे नियमांपेक्षा कड्या-कुलपं महत्त्वाची. बाहेरून लागणाऱ्या कड्या काढून टाका. खेळात किंवा चिडवण्यात मूल आत कोंडलं जातं ते याच कड्यांमुळे. आतली कडी मुलाच्या छातीच्या उंचीवर, आणि गरज पडल्यास बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी हवी. दार खालून वीतभर उंच ठेवा. पहिली-दुसरीची मुलं जोडीने जातील, टीचरकडून लाकडी पास घेतील, आणि पास पाच मिनिटांत परत आला नाही तर दीदी बघायला जातील. साफसफाई शाळा भरण्याआधी, मधल्या सुट्टीनंतर आणि सुटल्यावर व्हावी. त्या वेळी मुलं आत नसावीत. लहान मुलांच्या शौचालयाच्या भागात प्लंबर, इलेक्ट्रिशियन वगैरे कुणी आलं तर सोबत शाळेची एक बाई हवीच.

शूला जाऊ न देणं ही शिक्षा आहे, आणि दिवसभर धरून ठेवल्याने मुलींना मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. हात वर झाला की जाऊ द्या. वारंवार हात वर होत असेल तर ते आरोग्यपत्रिकेत लिहा आणि घरी कळवा.

पाणी, डबा, दुपारचं जेवण

पाण्याची टाकी तीन महिन्यांनी धुवा आणि तारीख टाकीवर लिहा. नळाच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम मोकळा क्लोरीन असावा. तपासायचं किट स्वस्त असतं आणि काम दोन मिनिटांचं. पाण्याची आणि सांडपाण्याची पाइप शेजारून जात असतील तर पावसाळ्यात आठवड्याला तपासा. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची घंटा रोज तीनदा वाजवा आणि प्रार्थना सावलीत घ्या.

दुपारच्या जेवणात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. जेवण मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोघा-तिघा मोठ्यांनी खावं, चवीची नोंद सहीनिशी करावी आणि मग थोडं थांबावं. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळलेलं तेल गेलं आणि २३ मुलं दगावली. म्हणून तेल-धान्याच्या कोठीत फिनाइल, उंदराचं औषध, कीटकनाशक यांतलं काहीही ठेवायचं नाही, आणि औषधांचे रिकामे डबे पुन्हा वापरायचे नाहीत. तेलाला वेगळा वास आला तर ते फेकायचं, मग वरून कुणी काहीही म्हणो.

अन्न सुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. १०० यार्डांच्या आत तंबाखू-गुटख्याला बंदी आहे. पानाचा ठेला दिसला तर फोटोसकट लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेलं कुठेच पोचत नाही.

आजारी मूल, पडलेलं मूल

प्रत्येक मुलाचं एक आरोग्य-कार्ड वर्गशिक्षिकेकडे असावं: रक्तगट, अ‍ॅलर्जी, दमा, फिट, मधुमेह, चालू औषधं, तीन फोन नंबर आणि घरची भाषा. मराठी घरातलं पहिलीतलं मूल ‘मळमळतंय’ किंवा ‘कळ येतेय’ म्हणतं आणि हिंदीभाषक टीचरांना ते कळत नाही, म्हणून असे चार-पाच शब्द पालकांनी कार्डावर लिहून द्यावेत. शाळेने स्वतःहून कुठलीही गोळी देऊ नये. दम्याचा पंप कपाटात कुलपात नको, तो मुलाजवळ किंवा वर्गशिक्षिकेच्या हाताशी हवा.

प्रथमोपचारात काही चुका इतक्या रुळल्या आहेत की त्या नाव घेऊनच सांगायला हव्यात.

फिट आली की कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, हातपाय दाबून धरणं, पाणी पाजणं, यांतलं काहीही करू नका. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, पुन्हा आली किंवा पहिल्यांदाच आली असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

नाकातून रक्त आलं की मान मागे टाकायची नाही, नाहीतर रक्त घशात उतरतं. मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा आणि मध्ये सोडून बघू नका. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, बर्फ नको. साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या बाजूने धरा, घासू नका, दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे जा.

डोक्याला मार लागला आणि मूल लगेच खेळायला लागलं तरी घरी त्याच दिवशी कळवायचं, तेही लेखी. नंतर उलटी, झोप उतरत नाही असं वाटणं, डोकं खूप दुखणं, अडखळत बोलणं किंवा चालणं यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. टेंगूळ दिसलं नाही म्हणजे आत काही झालं नाही, असं नाही.

कुत्रा चावला किंवा नखाचा ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, तेल लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू झाली पाहिजे. जखम खोल असेल किंवा चेहऱ्यावर-हातावर असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, म्हणून एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. मैदानाच्या भिंतीतली भगदाडं बुजवा आणि डब्याचं उष्टं झाकणाच्या बादलीतच टाकायला लावा. कुत्री उष्ट्यासाठीच येतात.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल तर मूल घरी. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास घरी. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. उवा झाल्या म्हणून मात्र मुलीला घरी पाठवू नका आणि वर्गात नावही घेऊ नका.

शिक्षा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. छडी गेली, पण उन्हात उभं करणं, बाकावर उभं करणं, पाणी किंवा खेळाचा तास तोडणं, फी भरली नाही म्हणून वर्गात नाव पुकारणं, जातीवरून किंवा रंगावरून बोलणं हे अजून चालतं. हे सगळं त्याच कलमात बसतं. शिक्षकांच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं, नाहीतर बंदी कागदावर राहते. सोपा क्रम असा: जवळ जाऊन हळू आवाजात एकदा सांगा, जागा बदला, तासानंतर दोन मिनिटं एकट्याशी बोला, पुन्हा घडलं तर काय घडलं, कधी, आधी काय झालं होतं ते तीन ओळींत वहीत लिहा. वहीतल्या आठ-दहा नोंदी एकत्र वाचल्या की बहुतेक वेळा कारण दिसतं: फळा दिसत नाही, झोप होत नाही, शेजारचा मुलगा टोचतो, घरी काहीतरी चाललंय.

मुलाने काही सांगितलं तर

हा भाग सगळ्यांत नीट पाठ करायचा आहे, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही.

मुलाने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं, अर्धवट का होईना, की ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवावं, मुलाच्या उंचीला बसावं आणि ऐकावं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं बोलावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. मग काय झालं, एवढंच पुरे. लगेच बाजूला बसून मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ-तारखेसह लिहावेत आणि सही करावी. दुसऱ्या टीचरांसमोर, प्रिन्सिपलसमोर, मग ट्रस्टींसमोर असं मुलाकडून तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये.

पुढचं पाऊल कायद्याने ठरलेलं आहे. पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडेल अशी भीती वाटलेल्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे कर्तव्य संपलं असं होत नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फोन चोवीस तास चालतो, तातडीत ११२.

संस्थेचं नाव जाईल म्हणून आधी ‘आपण आतच चौकशी करू’ हा विचार येतो. तो मनातच मोडून काढा. आत चौकशी केली की संशयिताला सावध व्हायला वेळ मिळतो, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जातं आणि मूल घाबरून शब्द फिरवतं. संशयिताला त्याच तासाला मुलांपासून दूर करा, रेकॉर्डिंग वेगळं साठवा, समोरासमोर बसवून खरं-खोटं करू नका, समझोत्याचा शब्द काढू नका. पालकांना लगेच कळवा. संशय घरातल्याच कुणावर असेल तर आधी पोलिसांशी आणि बाल कल्याण समितीशी बोला. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. पालकांना हे माहीत असावं. नाव, वर्ग, फोटो, वस्ती, कशावरूनही मुलाची ओळख बाहेर जाता कामा नये. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोण ती?’ असं कुणी विचारलं तर अ‍ॅडमिनने तो मेसेज तत्काळ काढावा.

पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी लागते. त्यात कंत्राटी सफाई कामगार, बसचालक, डान्स आणि कराटेचे सरही आले. ते आठवड्यातून एकदाच येतात म्हणून नेमके राहून जातात.

आग, भिंत, छप्पर

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये माळव्याला लागून असलेल्या झालावाडमध्ये शाळेचं छप्पर कोसळून सात मुलं गेली. पावसाळ्याआधी छप्पर, छज्जा, कठडा, पाण्याची टाकी, आवारभिंत इंजिनिअरकडून बघून लेखी घ्या. ज्या खोलीत प्लॅस्टर पडतंय किंवा सळई दिसतेय ती त्याच दिवशी बंद करा. बजेट येईपर्यंत वर्ग व्हरांड्यात भरवा.

जिन्याच्या आणि मागच्या फाटकाच्या किल्ल्या चौकीदाराच्या खिशात नकोत. दाराशेजारी काचेच्या पेटीत ठेवा. लहान वर्ग तळमजल्यावर. अग्निशामकाचा काटा दर महिन्याला हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा आणि निदान सहा कर्मचाऱ्यांनी तो हातात घेऊन एकदा चालवलेला असू द्या. सराव वर्षातून दोनदा, त्यातला एक न सांगता, मधल्या सुट्टीत. टीचर हजेरीपट घेऊन बाहेर पडतात आणि मैदानात मोजणी करतात. पट आतच राहिला तर सराव फसला असं धरा.

शाळा सुटताना

दिवसातली सगळ्यांत कठीण वीस मिनिटं हीच. पालक प्रवेशाच्या वेळीच मूल न्यायला येणाऱ्या तीन जणांची नावं, फोटो, नंबर देतात. त्याप्रमाणे कार्ड बनतात. कार्डाशिवाय मूल नाही, मग आजोबा रोजचे ओळखीचे का असेनात. पहिल्या आठवड्यात आजोबांना राग येईल, पण त्यांना समजावून सांगितलं तर तेच पुढे दुसऱ्यांना समजावतात. ऐनवेळी चौथा कुणी येणार असेल तर पालकांनी फोन करावा, आणि शाळेने त्या आलेल्या नंबरवर विश्वास न ठेवता रजिस्टरमधल्या नंबरवर उलट फोन करून घरचा परवलीचा शब्द विचारावा. आई-वडिलांत ताब्याचा वाद असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागा. तोंडी सूचनेवर एकाला नाकारू नका.

वर्ग पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडा, आधी सगळ्यांत लहान. फाटकासमोर वीस पावलं दुचाकी उभी करू देऊ नका. संक्रांतीच्या आठवड्यात तोडलेल्या मांजाने गळे चिरतात, म्हणून दुचाकीवर पुढे मूल उभं करून नेऊ देऊ नका. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी राजवाड्याकडचे रस्ते कसे असतील ते बघून बसमार्ग पालकांना कळवा.

कुणी न्यायला आलंच नाही तर मूल ऑफिसात, दोन मोठ्यांसोबत, त्यातली एक बाई. २० मिनिटांनी तिन्ही नंबर, मग दर दहा मिनिटांनी. तासाभरात कुणीच सापडलं नाही तर ठाण्याला आणि १०९८ ला कळवायचं. चौकीदाराच्या भरवशावर फाटकात बसवायचं नाही.

आणि हे सगळं ज्या नंबरांवर उभं आहे ते तपासा. जुलैत आणि जानेवारीत कुठलेही वीस नंबर उचलून फोन लावा. सिम बदललेली असतात, नोकरी बदललेली असते, काकांचा नंबर बंद असतो. लागले नाहीत ते त्याच दिवशी मुलाच्या डायरीत चिठ्ठी घालून घरून नवे मागवा.